दोन बोटं वेणी

“यजमान, आता सौभाग्यवतींची वेणी सोडा,” गुरुजी म्हणाले. “केस मोकळे करा, विंचरा, आणि तुमच्या हातानं पुन्हा वेणी घाला. मग शेंडा कापायचा.”

माझ्या हातातली कुंकवाची कोयरी पडता पडता राहिली.

“ह्यांनी सोडायची?” मी विचारलं. “वेणी मी सकाळीच घालून आलेय. नीट घातलीय.”

“ती नाही चालत, ताई. प्रयागला वेणीदान म्हणजे नवऱ्यानं घातलेल्या वेणीचं दान. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?”

कोणीही सांगितलं नव्हतं. माझी मावशी काशी-प्रयाग करून आली होती, पण तिनं सांगितलं ते एवढंच, की वेणीचा दोन बोटं शेंडा कापतात, संगमावर सोडतात आणि केस असूनही तो तरंगत नाही, सरळ तळाला जातो. मला वाटलं होतं, गुरुजीच कात्री लावतील आणि दोन मिनिटांत मोकळं करतील. आधी कळलं असतं तर मी बार्शीहून ती गोष्ट डोक्यावर घालून निघालेच नसते.

आता हे नाहीत, सासूबाई नाहीत, माझंही डोकं पांढरं झालं, तेव्हा सांगायला हरकत नाही. त्या दिवशी माझी कमरेखाली जाणारी वेणी होती ना, तिच्यातला वरचा दीड वीत भाग माझा होता. खाली सगळं गंगावन, वरून बांधलेले उसने केस.

गंगावन लावणं हा काही गुन्हा नव्हे. त्या काळी आमच्या आळीतल्या निम्म्या बायका लावायच्या. पण त्या उघड लावायच्या. मी मात्र घरभर सांगितलं होतं, की माक्याच्या तेलानं माझे केस वाढले. शशीनं तर ते तेल कसं करतात ते विचारून घेतलं आणि तीन महिने इमानेइतबारे लावलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते गंगावन शशीच्याच केसांचं होतं.

शशी म्हणजे शशिकला, माझी धाकटी जाऊ. ती लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी पाच वर्षं जुनी होते. किल्ल्या माझ्याकडे, सासूबाईंचा विश्वास माझ्यावर, लोणच्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळं माझ्या हातात. मला तिचा हेवा वाटायचं काही कारणच नव्हतं. पण तिचे केस गुडघ्याला लागत. न्हाऊन अंगणात केस वाळवायला बसली की शेजारणी भिंतीवरून डोकावायच्या. एकदा आमचे हे जेवता जेवता सहज म्हणाले, “वेणी असावी तर धाकटीसारखी.” बोलले आणि पुढचा घास घेतला. त्यांना वाटलं असेल, आमटी बरी झालीय म्हणावं तसंच हे. माझ्या पोटात मात्र ते जे बसलं ते बसलंच. मला कधी त्यांनी केसांवरून एक चांगला शब्द म्हटला नव्हता. म्हणणार काय? केस होते कुठे?

शशी विंचरून झालं की गुंतावळ न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यात कोंबायची. बाळंतपणानंतर तिचे केस गळायला लागले आणि कोनाडा भरून वाहायला लागला. मी रोज तो साफ करायची. पहिल्या दिवशी खरंच साफच केला. दुसऱ्या दिवशी ते केस टाकवेनात. वर्षभर साठवले, शनिवारच्या बाजारात गंगावनं वळून देणारी एक म्हातारी बसायची तिच्याकडे नेले. तिनं विचारलं, “तुझेच का गं बाई?” मी म्हटलं, “मग काय शेजारणीचे?”

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर वेणीदानाला कशाला निघालीस? तर नवस होता. वर्षापूर्वी ह्यांना विषमज्वर झाला. बेचाळीस दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टर काही न बोलता बॅग बंद करून निघाले, तेव्हा मी देवघरात जाऊन बसले आणि बोलले, हे उठले तर प्रयागला जाऊन माझी वेणी देईन. ‘माझी’ असंच म्हणाले होते. हे उठले. मग नवस फेडायचा म्हणून आम्ही निघालो, तर शशी म्हणाली, “आम्हीपण येतो की. एवढ्या लांब पुन्हा कधी जाणं होणार?” नवस माझा, दुखणं माझ्या नवऱ्याचं, जागरणं माझी आणि वेणी द्यायला ही. तेव्हापासून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, तो अलाहाबाद स्टेशनापर्यंत चालूच होता.

“ताई, बसा ना पाटावर,” गुरुजी म्हणाले. ते मूळचे आपल्याकडचेच, पण सात पिढ्या प्रयागात काढलेले. “ऊन चढून राहिलं आहे.”

“शशीची होऊ दे आधी,” मी म्हटलं.

“अहो, मान थोरलीचा असतो,” शशी म्हणाली.

“असू दे गं. तू लहान आहेस, तुझी हौस आधी.”

ती आश्चर्यानं माझ्याकडे बघत राहिली. नऊ वर्षांत मी तिला पहिल्यांदाच कशात तरी पुढं केलं होतं.

ती पाटावर बसली. तिच्या मागं भाऊजी, म्हणजे माझे दीर, हातात फणी घेऊन बसले. त्यांनी अंबाडा सोडला आणि ते केस पाटावरून खाली वाळूत पसरले. बाजूच्या मांडवातली एक तेलंगी बाई आपला विधी सोडून बघायला आली. गुरुजींची बायको फुलं निवडत होती, तीही थांबली. “किती यात्रेकरू आले गेले,” ती म्हणाली, “पण असे केस मी चार-पाचदाच पाहिले.” भाऊजींना वेणी घालता येईना. तीन पेड घेतले की चौथा कुठून तरी निघायचा. सगळे हसायला लागले, शशीही हसायला लागली, लाजून मान खाली घालायला लागली, आणि त्या लाजण्यात तिला किती मजा येतेय ते मला नीट दिसत होतं.

मग मी तिच्याकडे बघायचं सोडलं. मी ह्यांच्याकडे बघत होते. धाकट्या भावाची बायको केस सोडून बसलीय म्हणून हे तोंड फिरवून यमुनेकडे बघत उभे होते. पण एकदा त्यांनी वळून पाहिलं. एकदाच. माझं लक्ष होतं.

मी उठले. “जरा पदर नीट करून येते,” म्हणून ताडपत्रीच्या मांडवामागं गेले. तिथं कोणी नव्हतं. मी वेणी सोडली, दोऱ्याची गाठ सोडली आणि गंगावन काढून हातात घेतलं. नवस खरा फेडायचा होता, तेवढी अक्कल मला होती. ह्यांच्या जिवावरचा नवस, त्यात दुसरीचे केस द्यायचे म्हणजे देवाला काय सांगायचं? आणि शशीचे केस दिले, तर आयुष्य मागितलं ते कोणाच्या नवऱ्याला लागायचं? मी असल्या गोष्टी मानते. तेव्हा तर फारच मानायची.

मी माझ्या केसांना हात लावून पाहिला. दीड वीत, करंगळीएवढे. ह्यांच्या दुखण्यात होते त्यातलेही गेले होते.

तेवढ्यात मांडवातून भाऊजींचा आवाज आला, “दादा, तूच जरा सांग रे, हा पेड कुठं जातो?” आणि हे हसून म्हणाले, “मला काय विचारतोस! माझ्याकडे एवढ्या दोरखंडाची सवय कुठाय?”

सगळे हसले. ह्यांनी थट्टाच केली होती आणि तीसुद्धा भावाची. पण मी तिथं वाळूत उभी, हातात ते केस, आणि मला एवढंच ऐकू आलं की माझ्याकडे नाही. डोकं फिरलं माझं. मी गंगावन पुन्हा लावलं. दोरा इतका घट्ट आवळला की डोळ्यांत पाणी आलं. देवाचं देव बघून घेईल, पण तिच्यासमोर उंदराची शेपटी घेऊन मी बसणार नाही, असं ठरवून मी मांडवात आले.

माझी पाळी आली. मी पाटावर बसले. हे मागं बसले. शशी समोरच होती, तिची वेणी एव्हाना झाली होती, शेंडा कापून विड्याच्या पानावर हळदकुंकू लावून ठेवला होता. तो शेंडाच माझ्या सगळ्या केसांहून जाड होता.

ह्यांची बोटं केसांत फिरली, खाली आली आणि गाठीशी थांबली.

“अगं,” हे अगदी हळू म्हणाले, “हे काढायचं का?”

मी मान न वळवता विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“आठ महिने उशीवर टोचतंय मला ते.”

“मग गप्प घाला वेणी.”

“नवसाला चालेल का पण?”

“शशीसमोर काढाल तर मी इथंच गंगेत उडी घेईन. सांगून ठेवते.”

ह्यांनी गाठ न सोडताच वरून फणी फिरवली, आपल्या अंगानं आड करून बसले आणि वेणी घातली. कशीबशी, सैल, पण घातली. गुरुजींना काही दिसलं नाही. शेवटी त्यांनी गजरा माळला तोही नेमका गाठीवर.

“आता ताई, यजमानांना विचारा,” गुरुजी म्हणाले. “वेणीदान करते, आज्ञा द्यावी, असं म्हणा. यजमान, तुम्ही म्हणायचं, दिली.”

मी हात जोडून म्हटलं, “वेणीदान करते. आज्ञा द्यावी.”

ह्यांनी मागून वेणी उचलून धरली.

“यजमान, दिली म्हणा.”

“नाही,” हे म्हणाले.

“म्हणजे?”

“माझी आज्ञा नाही.”

गुरुजींनी कात्री खाली ठेवली. त्यांच्या सात पिढ्यांत असं कोणी म्हटलं नसावं. भाऊजी म्हणाले, “अरे दादा, काहीतरीच काय? वहिनींचा नवस आहे.”

“असू दे,” हे म्हणाले. त्यांनी माझी वेणी हातात धरली होती, अगदी खालून, शेंड्याजवळ. “असे केस कापायला माझं मन होत नाही. मला हे केस फार आवडतात. हिच्या वेणीला कात्री लावलेली मला बघवणार नाही.”

गुरुजींची बायको तोंडाला पदर लावून हसली. “बघा, किती जीव आहे!” तेलंगी बाईला भाषा कळली नाही, पण तीही हसली. भाऊजींनी शशीकडे अपराध्यासारखं पाहिलं, कारण त्यांनी तिच्या वेणीला कचकन कात्री लावली होती.

आणि मी? हे मला वाचवत होते, हे मला कळत होतं. खोटी वेणी देवाला जाऊ नये आणि माझी लाजही राहावी, म्हणून बिचाऱ्यांनी चारचौघांत बाईलवेडेपणा पत्करला होता. नगरपालिकेत हेडक्लार्क असलेला माणूस, घरात चार शब्द मोजून बोलणारा. पण खरं सांगू? माझं मन तिथं नव्हतंच. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं मी ज्या शब्दांची वाट पाहिली ते त्यांच्या तोंडून आले, चार लोकांत आले, आणि गेले कोणाला? ज्या वेणीवरून ते हात फिरवत होते ती शशीची होती. माझ्या डोक्यावर बसूनसुद्धा तिनंच ते घेतलं. मला इतका संताप आला की मी पाटावरून उठून सरळ नावेकडे चालायला लागले.

संगमापर्यंत नाव जायला अर्धा तास लागला. गुरुजी, हे आणि भाऊजी पुढं बसले होते. गुरुजी ह्यांची समजूत घालत होते, की नवस अर्धवट ठेवणं बरं नव्हे, आणि हे मान हलवत होते. मी आणि शशी मागं. शशीच्या मांडीवर पानातला शेंडा. वाऱ्यानं माझा पदर उडाला आणि वेणी पाठीवर उघडी पडली. ऊन चांगलं चढलं होतं.

माझे केस काळे. शशीचे उन्हात पिंगट दिसायचे. घरात सावलीत ते कधी कळायचं नाही, आणि उन्हात मी पदराशिवाय कधी जातच नव्हते.

बऱ्याच वेळानं माझा पदर कोणीतरी उचलून डोक्यावरून ओढला. शशीनंच. ती माझ्या कानाशी आली. “वहिनी, पदर घेऊन बसा. दिसतंय.”

पाण्याकडे बघतच मी म्हटलं, “काय दिसतंय?”

“माझे केस.”

मी म्हटलं, “कधी कळलं तुला?”

“गंगावन लावलंत त्याच्या आधीच. कोनाडा इतका लख्ख कोण ठेवतं, वहिनी? तुम्ही तर माझ्या मुलांची दुपटीसुद्धा कधी उचलली नाहीत.”

“मग माक्याचं तेल कशाला लावत होतीस?”

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून.” ती जराशी हसली. मग म्हणाली, “नाही, ते खोटं. मला बरं वाटायचं म्हणून. त्या घरात सगळं तुमचं आहे. मीठ लागलं तरी तुम्हाला विचारून घेते मी. एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती की तुम्हाला ती चोरून न्यावी लागत होती. रोज सकाळी कोनाडा रिकामा दिसला की माझा दिवस चांगला जायचा. खरं सांगायचं तर कधी कधी मी मुद्दाम दोन फण्या जास्त मारायची.”

मी तिच्याकडे वळून पाहिलं. तिच्या तोंडावर ओशाळेपण होतं, पण थोडंच. मला वाटलं होतं तिनं मला रागवावं, नाहीतर रडावं, किंवा मोठ्या मनानं माफ तरी करावं. ह्यातलं काहीच तिनं केलं नाही. मला दाखवून दाखवून ती माझ्यापुढं दाणे टाकत होती आणि मी टिपत होते. नऊ वर्षं मी समजत होते की माझ्या पोटात काय जळतंय ते मला एकटीलाच माहीत आहे.

पुढं गुरुजींनी हाक मारली, “आला संगम. धाकट्या ताई, या.”

शशी पुढं गेली. भाऊजींनी तिच्या हाताला हात लावला, तिनं पान पाण्यावर ठेवलं आणि शेंडा सोडला. तो क्षणात दिसेनासा झाला. गुरुजी म्हणाले, “बघितलंत? सरळ तळाला.” भाऊजींनी हात जोडले. ह्यांनीही जोडले, आणि मग चोरून माझ्याकडे पाहिलं. वर्षभरापूर्वीच्या दुखण्यानं त्यांचा गळा अजून भरला नव्हता. सदऱ्याची कॉलर सैल दिसत होती. अठ्ठाविसाव्या दिवशी ह्याच गळ्याची शीर उडते की नाही ते मी रात्रभर बघत बसले होते.

मी उभी राहिले. नाव हलली. “बैठ जाइए माताजी, नाव डोलती है,” नावाडी ओरडला. मी बसले नाही. डोक्यावरचा पदर काढला, गजरा काढला, दोऱ्याची गाठ ओढली. घट्ट बसली होती, तोडावी लागली. गंगावन हातात आलं ते मी शशीच्या मांडीवर ठेवलं. “घे तुझं,” म्हटलं. भाऊजी तोंड उघडं टाकून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागले. गुरुजींनी नजर फिरवली आणि पिशवीत उगीच काहीतरी शोधायला लागले. माझे केस वाऱ्यावर उडत होते, म्हणजे जेवढे होते तेवढे.

“गुरुजी, कात्री आहे ना बरोबर?” मी म्हटलं.

“आहे, ताई. पण यजमानांची आज्ञा...”

“ती मी घेते.” मी ह्यांच्यासमोर पाठ करून बसले. “वेणी घाला.”

ह्यांनी घातली. तीन पेडांत केस पुरेनात, तेव्हा दोनच पेड घेऊन पीळ घातला. त्यांचे हात थंड होते.

“वेणीदान करते,” मी म्हटलं. “आज्ञा द्यावी.”

“दिली,” हे लगेच म्हणाले. मग कात्री हातात घेऊन थांबले. “दोन बोटं कापली तर राहील काय गं तुला?”

भाऊजींना हसू आवरेना. गुरुजीही हसले. इतर कोणत्याही दिवशी मी ह्यांच्याशी आठ दिवस बोलले नसते.

“मग एक बोट कापा,” मी म्हटलं. “पण माझी कापा.”

कात्री वाजली. तेवढासा शेंडा, पानावर नीट दिसेना. आम्ही दोघांनी हात लावून तो पाण्यात सोडला. तो एवढा हलका होता, की तो वरच राहिला. लाट आली, तो हलला, पुन्हा वरच. ह्यांनी माझं मनगट धरलं. मी डोळे मिटून घेतले. मला बघायचं धैर्य नव्हतं.

शशी नावेच्या काठावरून सगळ्यांत जास्त वाकून बघत होती. मांडीवरचं गंगावन तिनं एका हातानं घट्ट धरलं होतं.

“बुडाली,” ती म्हणाली. “बुडाली, वहिनी.”

तिच्या आवाजात थोडीशी निराशा होती. दुसऱ्या कोणाला ती ऐकू आली नसती, मला आली. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला ती बाई मनापासून आवडली.